तांब्यावरचा लेप

पाथर्डीत आमचं मोटरी भरून द्यायचं दुकान आहे. जळालेली मोटर उघडायची, आतली काळी पडलेली तार काढायची आणि तिथं तांब्याची नवी तार गुंडाळून बसवायची, याला मोटर भरणं म्हणतात. गुंडाळ्या मी करायचे. तारांची टोकं जोडायचं काम माझ्या मालकांचं, म्हणजे नवऱ्याचं. एक तरी मोटर पहिल्यापासून शेवटपर्यंत मी एकटीनं भरावी असं फार वाटे, पण मागायला तोंड उघडत नव्हतं.

एकदा मालक माल आणायला नगरला गेले आणि गल्लीतल्या चाची विहिरीवरची मोटर घेऊन आल्या. "म्हशी तहानल्यात गं. आजच पाहिजे." मालक नाहीत, एवढंच मला सांगायचं होतं. तोंडातून निघालं, "संध्याकाळी या."

दिवसभर बसून मोटर भरली, टोकं पिळून जोडली. मग वीज आरपार जाते का ते बघायचा बल्ब लावला. पेटला नाही. चाची बाकावर येऊन बसल्याच होत्या. "काय गं, मोटर पण तुझ्यासारखी मुकीच भरलीस का?"

माझी नणंद कॉलेजात शास्त्र शिकते. ती तिथंच होती. तिला हळूच विचारलं, "तारेतून जातं तरी काय?"

"वहिनी, तांब्यात काही इलेक्ट्रॉन मोकळे असतात. कुठल्याच अणूला बांधलेले नसतात. बटण दाबलं की सगळे सरकायला लागतात."

"एवढ्यात बल्बपाशी पोचतात?"

"पोचतात कुठं! मुंगीपेक्षा हळू चालतात. पण तार आधीच त्यांनी भरलेली असते ना."

हे मला लगेच पटलं. पाइप पाण्यानं भरलेला असला की इकडं कॉक फिरवताच तिकडं धार पडते. ते पाणी काही आत्ताच इथून निघालेलं नसतं.

"आणि प्लॅस्टिकात?"

"तिथले बांधलेले. जागचे हलत न्हाईत."

मी जोड हातात घेतला. कापलेलं टोक लख्ख होतं, पण तारेची कड किंचित काळपट. उघडं तांबं समजून मी जी तार पिळली, तिच्यावर तांब्याच्याच रंगाचा, प्लॅस्टिकसारखा पातळ लेप होता. दोन्ही तारांत मोकळे इलेक्ट्रॉन होते, मध्ये बांधलेल्यांची भिंत. ब्लेडनं टोकं खरवडली. तपकिरी भुकटी पडली, खाली गुलाबी तांबं निघालं. पुन्हा पिळलं, बल्ब लावला. पेटला.

"बोलली गं बाई!" चाची म्हणाल्या. मला म्हणाल्या की मोटरीला, कळलं नाही.

मोटर बंद करून शेवटचा नट आवळत होते, तेवढ्यात मालक आले. मोटरीकडं बघितलं, चाचींकडं बघितलं. "कुणी भरली?"

"मी."

"सगळी? जोड पण?"

"व्हय."

ते पाना घ्यायला वाकले. "एकदा उघडून बघतो."

"चालवून बघा," मी म्हणाले, चाचींच्या देखत. "उघडायची गरज न्हाई."