सुकेळीची माणसं

"सुकू दे, टीचर." काहीही विचारा, तिचं उत्तर हेच. वही पुरी का नाही केलीस? सुकू दे, टीचर. डबा खाल्लास का गं? खाते टीचर, हे जरा सुकू दे. एकदा मुख्याध्यापिका तिला व्हरांड्यात उभी करून चांगली दहा मिनिटं ओरडत होत्या, तेव्हाही ही बया मान खाली घालून उभी आणि पाठीमागे एक हात कठड्याबाहेर काढलेला. हातात काय? तर काड्यांचा एक म्हातारा. वाऱ्याला धरला होता, सुकायला.

अंगानं काटकुळी, वर हे पालुपद, त्यामुळे पोरांनी तिचं नाव सुकेळी ठेवलं. आमच्या वसईत राजेळी केळी उन्हात सुकवून बांधून विकतात, ती सुकेळी. मी पोरांना दटावलं, तर हीच मला म्हणाली, "ठेवू दे ना टीचर. गोड असतात सुकेळी." मग मीही तेच नाव धरलं. हजेरीतलं नाव मला आजही पटकन आठवत नाही.

मी चित्रकलेची टीचर. गणिताचा पोर्शन राहिला की माझा तास त्यांचा, पाहुणे यायचे असले की रांगोळी माझी, खेळाचे सर रजेवर गेले की मैदानात शिट्टी घेऊन उभी मीच. घर पूर्वेला एव्हरशाईनमध्ये, शाळा पश्चिमेला. रोज रिक्षात बसून पुलावर अडकायचं, मग गुडघे धरत तीन मजले चढायचे आणि वर गेल्यावर ऐकायचं, "टीचर, आज आम्हाला फ्री द्या ना." शेवटची काही वर्षं मी खरंच द्यायचे. कोण बोंबलत बसणार? त्या फ्री तासांत बाकीची वर्ग डोक्यावर घ्यायची आणि सुकेळी मागच्या बाकावर बसून दातांनी गाठी मारायची.

रंगपेटी तिनं कधी उघडली नाही. मी शाडू आणून दिला, तर वास घेऊन परत केला. तिचं सामान म्हणजे खराट्याचे हीर, नारळाच्या शेंडीची किशी आणि केळीचं सोपट. सोपट म्हणजे केळीच्या खोडाचे पापुद्रे, सुकवलेले. त्यांची वाडी होती समुद्राकडच्या गावात. मोगरा, तगर, चाफा, थोडी पानवेल आणि कडेनं केळी. वाडीत गजरा असो की पानाची जुडी, बांधायची ती भिजवलेल्या सोपटानंच. पण फुलं बांधता बांधता माणसं बांधायला हिला कोणी शिकवलं, देव जाणे! सोपट भिजवायची, नखानं उभं चिरायची, पिळायची आणि हिरांच्या सांगाड्यावर गुंडाळत जायची. गोंद नाही, तार नाही. "गोंद कशाला टीचर? ओलं बांधलं की सुकताना आपोआप आवळतं. एकदम टाइट."

त्या माणसांना नाक-डोळे नसायचे, तरी लांबून ओळखू यायची. टँकरची वाट बघत हंड्यावर बसलेली बाई. खुर्चीत पेंगणारा सोसायटीचा वॉचमन. कोलबी सोलणारी मावशी, तिच्या पाठीला असा बाक, की बघणाऱ्याची कंबर दुखावी. एकदा एक बाई केली होती, एक हात भिंतीला, एक गुडघ्यावर, खांद्यावरून घसरलेली पर्स. "ही कोण गं?" म्हटलं. "तुम्ही टीचर. दुसऱ्या मजल्यावर." वर्ग फिदीफिदी हसला. मला असा राग आला म्हणता! पण तो गुडघ्यावरचा हात पाहिला आणि बोलायचं राहून गेलं. इतक्या वर्षांत माझ्या दमण्याकडे कोणी एवढं लक्ष देऊन पाहिलं नव्हतं, घरच्यांनीसुद्धा नाही.

तिचे पप्पा शाळेत सगळ्यांना माहीत. कुठलाही कार्यक्रम असला की सकाळी स्कूटरवरून फुलं घेऊन हजर, आणि त्याचं कधी काही मागायचे नाहीत. शांत, पाण्यासारखा माणूस. हातात सतत एक प्लास्टिकचा तांब्या, बोटांनी फुलांवर पाणी मारायची सवय. कोणाशी बोलतानाही हात चालूच. फक्त मुलीच्या या उद्योगापुढे त्यांचं डोकं चालायचं नाही. "टीचर, सोपट आम्ही वापरून फेकून देतो हो. ती फेकायचं जमवून बसते. ह्याचं पुढे काय होणार?"

दहावीच्या वर्षी मीच त्यांच्या वाडीत जाऊन भांडले. म्हटलं, हिला मुंबईला कला महाविद्यालयात घाला, असा हात रोज बघायला मिळत नाही. ते मोगऱ्यावर पाणी मारत होते. मग म्हणाले, "आमच्यात कोणी असलं शिकलेलं नाही टीचर. मला त्यातलं कळत नाही. जिल्ह्याचं प्रदर्शन आहे ना तुमच्या शाळेत? जाणती माणसं येतील. त्यांनी नंबर दिला, तर पाठवतो. नाही दिला, तर इथंच कॉमर्स." सुकेळी दारात उभी होती. तिनं मान डोलावली. बापाचा शब्द, बापानं पाळला असता यात मला तेव्हाही शंका नव्हती.

मग ती कामाला लागली. टँकरची अख्खी रांगच केली तिनं. बाया, म्हातारे, कडेवरची पोरं, मधे घुसणारी एक आगाऊ काकू. सगळी ताठ, माना वर करून टँकर येतो त्या दिशेला बघणारी. आदल्या दिवशी आम्ही दोघींनी ती हॉलमध्ये मांडली. मी एवढी दमलेले, की तिथल्याच बाकावर बसून राहिले. पण खोटं कशाला बोलू, फार वर्षांनी मला माझ्या नोकरीबद्दल बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलमध्ये शिरले, तर रांग झोपलेली. गाठी सैल पडलेल्या, माना खाली, गुडघे मोडलेले, बाया एकमेकींच्या अंगावर कलंडलेल्या. मेजावर पाण्याचं थारोळं. दारात झाडत असलेल्या शिपायावर ओरडायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात मागून सुकेळी आली. पाहिलं आणि जागच्या जागी थांबली.

"पप्पांनी मारलं असेल पाणी," ती हळूच म्हणाली. "मघाशी स्टेजची फुलं देऊन गेले ना. गेटवर भेटले मला. म्हणाले, तुझी माणसं बघितली गं, छान आहेत, पार सुकून गेली होती बिचारी." तिनं कलंडलेली एक बाई सरळ केली. "टीचर, ते पहिल्यांदा छान म्हणाले."

वाडीत जे जे सोपटानं बांधलेलं, त्याच्यावर पाणी मारायचं, हे त्या माणसाच्या बोटांत होतं. मुलीच्या माणसांवर माया करायची, तर ती दुसरी कशी करणार? मी पंखे लावले, खिडक्या उघडल्या. ती म्हणाली, "सुकू दे, टीचर." पण परीक्षक काही थांबत नसतात. ते आले, त्या ओल्या ढिगापाशी क्षणभर थबकले, एकानं रुमालानं बोट पुसलं आणि पुढे गेले.

मी रिक्षा करून तशीच वाडीत निघाले होते. सांगणार होते, की नंबर गेला तो तुमच्या तांब्यामुळे, तेव्हा शब्दबिब्द विसरा आणि पोरीला पाठवा. तिनं गेटवर माझा हात धरला. "नका सांगू, टीचर. त्यांना कळलं ना, तर ते परत माझ्या कशालाच हात लावणार नाहीत. प्लीज." मी खूप चिडले. वेडी आहेस का, म्हटलं, आयुष्याचा प्रश्न आहे. ती रडत होती, पण हात काही सोडेना. शेवटी रिक्षावाल्याला जा म्हटलं.

ती कॉमर्सला गेली. नंतर गोखिवऱ्याला एका प्लास्टिकच्या कारखान्यात ऑफिसात लागली, बिलं करते. अधूनमधून फोन यायचा. "टीचर, गुडघे काय म्हणतात?" एवढंच. मी विचारायचे, काही करतेस का गं हातानं? "चालू असतं," म्हणायची. मला वाटायचं, माझं मन राखते आहे.

यंदा मी निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमाला फुलं त्यांचीच होती, म्हणून आभार मानायला एका रविवारी वाडीत गेले. ओटीवर पाऊल टाकलं आणि उभीच राहिले. भिंतीला धरून फळी, तिच्यावर टँकरची रांग, काही माणसं काळपट, बुरशी धरलेली, काही कोरी करकरीत. आणि माणसं आता ताठ नव्हती. माना वाकलेल्या, खांदे उतरलेले. टँकरचा पत्ता नाही आणि घरीही जाता येत नाही, अशी उभी. माझ्याइतका दमलेला तिथं प्रत्येक जण होता. शाळेतल्यापेक्षा कितीतरी चांगलं काम.

सुकेळी आत सरबत करायला गेली. जाताना माझ्या कानाशी म्हणाली, "पप्पा रोज पाणी मारतात त्यांना. कुजलं की मी रविवारी नवीन करून ठेवते. त्यांच्या लक्षात येत नाही. बोलू नका हं, टीचर."

ती गेली आणि तिचे पप्पा तांब्या घेऊन आले. आता पाठीत वाकलेत ते. फळीपाशी उभे राहून एकेका माणसावर पाणी मारू लागले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमच्या त्या शिपायानं सांगितलं मला, टीचर. प्रदर्शनाच्या पुढच्याच वर्षी. म्हणाला, नंबर गेला तो माझ्या पाण्यामुळे."

त्यांनी पुढच्या बाईवर पाणी मारलं.

"तिला कारण न सांगता म्हटलं, अजून जा मुंबईला, मी पाठवतो. म्हणाली, आता कशाला पप्पा, कॉलेज चालू आहे. तिनं सगळं सोडून दिलं होतं हो. सोपटाला हात लावत नव्हती. मग मी एक दिवस ही फळी ठोकली, शाळेतून आणलेली माणसं मांडली आणि पाणी मारलं. आठवड्यानं बघतो तर एक बाई नवीन." त्यांनी तांब्यात बोटं बुडवली. "सोपट पाण्यानं कुजतं, हे मला कळत नाही होय? जन्म गेला वाडीत. पण पाणी मारायचं थांबवलं, तर ती करायची थांबेल. तिला बोलू नका."

सुकेळी सरबत घेऊन आली. आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं, मग फळीकडे. कडेचा एक म्हातारा होता, वाकलेला, हातात एवढासा तांब्या. ताजा असावा, गाठीसुद्धा हिरवट होत्या. पप्पांनी त्याच्यावरही पाणी मारलं, जरा जास्तच.

"बसा ना, टीचर, उभ्या का?" ती म्हणाली.

मी बसले. दोघंही माझ्याकडे बघत होते, मी काही बोलते की काय म्हणून. मी सरबत प्यायले आणि म्हटलं, साखर अगदी बेताची झाली आहे.