हिरव्या पानाची बासुंदी

कुठल्याही मेनूकार्डावर हिरवं पान दिसलं की अजून मी ते कार्ड पालथं घालून ठेवते.

शिरूरच्या एका दुकानात मी लग्नपत्रिका, फ्लेक्स असलं कॉम्प्युटरवर जुळवते. बायपासवरच्या एका हॉटेलवाल्यानं मेनूकार्ड करायला दिलं. "आजकाल कॅलरी लिहितात, तसलं काहीतरी टाका, ताई. भारी दिसलं पाहिजे." आकडे कुठनं आणायचे हे त्यालाही ठाऊक नव्हतं आणि मलाही. मी नेटवरचा तयार नमुना घेतला, पदार्थांची नावं बदलली, आकडे होते तसे राहू दिले. भाज्यांच्या सूपच्या जागी बासुंदी बसली. शेजारी हिरवं पान, खाली ‘मधुमेहींसाठी योग्य’. घाईत राहून गेलं म्हणाले तर खोटं होईल. पान छान दिसत होतं, म्हणून ठेवलं.

माझे वडील, आबा, दर रविवारी दौंडवरून एसटीनं मला भेटायला यायचे. त्यांना शुगर होती. एका रविवारी मीच हौसेनं त्यांना त्या हॉटेलात नेलं. जन्मभर "काम्पुटर बडवून काय व्हतंय" म्हणणारा माणूस चष्मा लावून कार्ड शेवटपर्यंत वाचत बसला. "हे तू केलंस?" म्हणाले. मग बोट ठेवलं ते नेमकं बासुंदीवर. "ही चालती की मला. कवाधरनं खाल्ली न्हाई."

अगदी तोंडाशी आलं होतं. पण माझ्याकडं इतक्या कौतुकानं त्यांनी पहिल्यांदाच बघितलं होतं. एकदाच खातील, म्हणून गप्प बसले. पुढं ते दर रविवारी खात राहिले, मी समोर बसून बघत राहिले. सांगायला लाज वाटते, पण वाटी बोटानं पुसून चाटायचे तेव्हा मला बरंही वाटायचं.

मग आबांच्या पायाला झालेली जखम चिघळली. दवाखान्यात दोन बोटं काढावी लागली. "खाण्यात काय असतं?" डॉक्टरांनी विचारलं.

आबांनी उशीखालून हॉटेलचं ते कार्ड काढलं. "घरी भाकरी, आन् हाटेलात ह्याच्यावरचंच. लेकीनं केलंय माझ्या."

डॉक्टरांनी वाचलं, पुन्हा वाचलं आणि माझ्याकडं बघितलं.

"आबा, ते खरं नाही," मी म्हणाले. "मी उगंच टाकलं होतं."

आबांनी डॉक्टरांच्या हातातून कार्ड घेतलं.

"न्हाई गं. छापलंय की," ते म्हणाले आणि कार्ड परत उशीखाली सरकवलं.