मागची भिंत

तेल्हाऱ्याजवळच्या आमच्या शाळेत मी पालथ्या बादलीवर मोबाईल उभा केला आणि भाकरीचे तुकडे करत अपूर्णांकांचा व्हिडिओ काढला. पोरांना तो लगेच समजला. तो वर पाठवला, तर अकोल्याहून शिक्षण विभागाच्या साहेबांचा फोन आला, “मॅडम, धडा चांगला आहे, पण मागची पडकी भिंत दिसून राहिली ना.” त्या भिंतीसाठी मी तीन अर्ज केले होते. वाटलं, आता तरी गवंडी येईल. आठ दिवसांत आला तो निळा पडदा, भिंत झाकायला. माझं डोकंच फिरलं. पडदा कपाटात कोंबला आणि पुढचा धडा क्षेत्रफळाचा घेतला. मोबाईलसमोर पोरांनी भिंतीवरची प्लास्टर पडलेली जागा मोजली. उत्तर आलं बावीस चौरस फूट; पडदा होता पंधराचा. व्हिडिओ साहेबांना पाठवला आणि खाली लिहिलं, पडदा कमी पडून राहिला.