नलूताईंची माणसं उजवीकडं बघतात

जेवण अंगावर आलंय. शेवग्याची आमटी, वर ताक. टेबलावर कोरा कागद आणि कागदावर माझा गाल. डोळे अजून मिटले नाहीत, पण पापण्यांशी भांडण चालू आहे आणि कोण जिंकणार ते ठरलेलं आहे.

संध्याकाळी संपादकांचा माणूस येणार. दिवाळी अंकाचं शेवटचं पान यंदा माझ्याकडं आलंय. ते पान नलूताईंचं. मिरजेत अंक हातात आला की लोक आधी मागून उघडायचे, ताईंचं व्यंगचित्र बघायला. श्रावणात ताई गेल्या. संपादक म्हणाले, "गुंडोपंत, हुबेहूब ताईंसारखं काढा. खाली नाव तुमचं टाका."

हुबेहूब काय, झोपेत काढीन. मी ताईंकडंच शिकलो. एकदा त्यांच्याच हातवळणानं एक चित्र काढून गुपचूप त्यांच्या टेबलावर ठेवलं, तर दिवसभर डोकं खाजवत होत्या, "हे मी कधी काढलं?" पण खाली माझं नाव येणार म्हणलं की रेघ थरथरते. सकाळपासून नुसते कागद फाडतोय.

"गाल उचल मेल्या. कागदाला तेल लागतंय."

ताई त्यांच्या खुर्चीत बसल्यात. माझ्या उजव्या बाजूला, कायम असायच्या तिथं. तीच जाड भिंगं. डाव्या हाताची करंगळीखालची कडा शाईनं काळी. डावखुऱ्या ना, ओल्या रेघेवरून हात फिरायचा. मला जराही आश्चर्य वाटत नाही.

"चहा टाकू, ताई?"

"त्या दिवशी मिठाचा पाजलास तसला?"

"चहा चांगला होता ओ. मी फक्त डबे बदलले होते."

"काढ आता. बघू."

माझ्या खोड्यांना ताई हसायच्या. नाकातून एकदाच, फस्स. चित्र जमलं तरी तेवढंच. तोंडानं 'छान' कधी म्हणल्या नाहीत. खोड्यांना मला ते फस्स कितीदा मिळालं. चित्राला एकदाही नाही. मला तेवढं एक पाहिजे होतं, आणि त्या श्रावणात निघून गेल्या.

मी पेन टेकवतो आणि टेबल लांबत जातं. केळीची पानं मांडलेली. लग्नाची पंगत बसलीय. ताई माझ्या शेजारी पाटावर, उजव्या हातानं भात कालवतायत.

"लहानपणी डाव्या हातानं घास उचलला की आजोबा चिमटा काढायचे," त्या म्हणतात. "मग जेवण दिलं उजव्याला. चित्रातली नाकं ठेवली डाव्याकडं. नाकाला कोण चिमटा काढतंय?"

समोर बघतो तर पंगतीला माझीच चित्रं बसलीत. जाडा तलाठी, छत्रीवाली मावशी, टकलू बँडवाला. सगळ्यांची नाकं एका बाजूला.

"ही तुझी माणसं ना? मग सगळी उजवीकडं काय बघतायत?"

"तुमची पण तिकडंच बघतात की."

"माझी बघणारच. डाव्या हाताला नाक तिकडं ओढायला सोपं जातं. तुझा हात कुठला?"

मी हात बघतो. भातानं माखलेला. उजवा.

"उलट्या मनगटानं रेघ ओढतोस आणि म्हणतोस थरथरते!"

गळ्यापाशी काहीतरी टोचतं. अंगावर पांढरं कापड आहे, समोर सलूनचा मोठा आरसा. पंगत गेली, भाताचा वास तेवढा राहिलाय. मागं उभ्या राहून ताई त्यांचं एक जुनं चित्र आरशासमोर धरतात. आरशातली मावशी डावीकडं बघतेय. आणि आरशातल्या ताईंनी चित्र उजव्या हातात धरलंय.

"मी तुझ्यासारखी असते, तर असं काढलं असतं."

"पण ताई, असं वळवलं की ते तुमचं राहणार नाही."

"नाही राहिलं तर नाही."

"लोक म्हणतील, ताईंचं पान घालवलं."

"मी मेलेय, गुंड्या. लोकांना कळू दे की ते."

मी म्हणतो, "माझी माणसं तुमच्याकडं बघायची, ताई. तुमची खुर्ची त्याच बाजूला होती."

ताई भिंगं काढून पदरानं पुसतात. बराच वेळ पुसतात.

"आता मोकळीय ती," त्या म्हणतात. "मोकळ्या खुर्चीकडं काय बघायचं?"

पुन्हा माझं टेबल. पेन्सिल कुठंच दिसत नाही. मी थेट शाईत पेन बुडवतो आणि नाक डावीकडं ओढतो. एकाच दमात. रेघ अजिबात हलत नाही. चांगलं बटाट्याएवढं, उद्धट, माझ्या थोरल्या आत्याचं असावं तसलं नाक येतं. असलं नाक ताईंनी जन्मात काढलं नसतं.

मी वर बघत नाही. बघितलं तर त्या जातील. मान खाली घालून नुसता कान उजवीकडं देतो.

फस्स.

मी दचकून ताठ बसतो. खिडकीत ऊन तिरपं झालंय. कागद कोरा, त्यावर माझ्या गालाचा तेलकट ठसा. दौतीचं झाकण घट्ट लावलेलं. खुर्ची मोकळी.

थोडा वेळ मी तसाच बसतो, परत ऐकू येतंय का म्हणून. येत नाही. डोळे पुसायला डावा हात वर नेतो आणि मध्येच थांबतो.

करंगळीखालची कडा मनगटापर्यंत काळी आहे. ओली आहे अजून.

कुठं पुसली जाऊ नये म्हणून तो हात तसाच हवेत धरून ठेवतो. दौतीचं झाकण दातानं उघडतो आणि उजव्या हातानं पेन उचलतो.