फाइलीच्या शेवटचा कचरा

मला माझ्या हुशारीचा फार माज होता, हे आधीच सांगून टाकतो.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो आणि उरलेल्या वेळात एका मुक्त, म्हणजे जगभरच्या लोकांनी फुकट चालवलेल्या, सॉफ्टवेअर प्रकल्पासाठी राबतो. प्रयोगशाळांतली यंत्रं आपापल्या फाइली आपापल्या ढंगात लिहितात. यंत्राची कंपनी बुडाली की त्या कुणालाच उघडता येत नाहीत. आमचा प्रकल्प असल्या फाइली वाचून सगळ्यांना उघडतील अशा रूपात ठेवतो. नवा प्रकार आला की कुणीतरी बसून त्यातला एकेक बाइट उकलायचा. ते मला जमायचं.

माझे कॉलेजातले सर आयुष्यभर शाहूवाडीच्या भातखाचरांतली माती तपासत आले. माती काढायला दर खेपेला काकू, त्यांच्या पत्नी, सोबत असायच्या. काकू गेल्या, मग साखरेच्या आजारानं सरांची नजर नेली. मातीच्या सगळ्या नोंदी कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या एका जुन्या संगणकात, अशाच बुडालेल्या कंपनीच्या फाइलींत अडकल्या होत्या. खोली रिकामी करा म्हणून नोटीस आली तेव्हा सरांनी मला बोलावलं.

"तेवढं वाचव लेका," म्हणाले. "माझं दुसरं काय ऱ्हायलंय?"

तीन महिने खपलो. आकडे सापडले, तारखा सापडल्या. प्रत्येक फाइलीच्या शेवटी मात्र कंस, टिंबं आणि इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा होता. मी कोडात एक ओळ घातली: हा भाग कचरा, वगळा. प्रकल्पातल्या एका परदेशी बाईंनी कोड तपासताना विचारलं, शेवटी काय आहे? "काही नाही," मी ठोकून दिलं. नियमाप्रमाणे नमुना म्हणून एक मूळ फाइल प्रकल्पात ठेवली, बाकीच्या फाइलींची नवी रूपं तेवढी काढून घेतली. जुन्याची आता गरज नाही, असं सरांना मीच सांगितलं. संगणक माझ्याच गाडीवरून भंगारात गेला.

पुढच्या सोमवारी, एमआयडीसीच्या सुट्टीच्या दिवशी, सरांच्या घरी गेलो आणि आकडे वाचायला लागलो. थोडं ऐकून त्यांनी हात वर केला.

"आकडं ऱ्हाऊ देत. खाली मी लिवलेलं वाच की."

"काय लिहिलेलं, सर?"

"मराठीत लिवायचो न्हवं का, त्या येळच्या फाँटात. दिसभर काय झालं, ही काय बोलली, समदं."

जुन्या फाँटातलं मराठी त्या फाँटाशिवाय उघडलं की असाच चिवडा दिसतो, हे लग्नपत्रिका छापणाऱ्या कुठल्याही दुकानात माहीत असतं. त्या परदेशी बाईंना ते कळणं शक्यच नव्हतं. मला कळायला हवं होतं. मराठी माणूस मी, आणि मराठीला कचरा म्हणालो. त्याची लाज मला अजून वाटते.

तडक भंगारवाल्याकडे गेलो. डिस्क फोडून ॲल्युमिनियमच्या भट्टीला गेली होती.

उरली ती नमुन्याची एक फाइल. पत्रिका छापणाऱ्याकडून जुना फाँट मागून आणला, अक्षरं जुळवली आणि सरांना वाचून दाखवली. "वरचं खाचर. माती कोरडी. हिचा पाय मुरगळला तरी खोरं सोडीना. येताना जोतिबा फाट्याला चहा."

सर हसले. काकू गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

"आता फुडची घे," म्हणाले.

मग मी सगळं सांगितलं. ओळ मी घातली, संगणक मी दिला, विचारलं तेव्हा काही नाही असंही मीच म्हणालो. सरांनी शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

त्यांनी एवढंच विचारलं, "पाय कुठला मुरगळलावता, उजवा का डावा? मला आठवंना. लिवलंय का बघ."

मी ती ओळ पुन्हा वाचली. लिहिलेलं नव्हतं.