बिनछडीचा बाक

"सामान उतरलं का रे?" असं विचारत गणिताचे सर छडीने बाकावर टक्‌टक् करायचे. पहिल्या दिवशी मी भाबडेपणाने म्हणालो, "हो सर, दोन ट्रंका आणि एक पाळणा." वर्ग खदखदून हसला. हसणाऱ्या पहिल्या चौघांना सपासप बसल्या. मला नाही. सरांनी माझ्या कपाळावर बोट टेकवलं. "हे उतरलं का, ते विचारतोय."

सत्तरचं दशक, देवळाली कॅम्प. वडील तोफखान्यात हवालदार, त्यामुळे माझी शाळा बदलीच्या कागदावर ठरायची. नगरला अपूर्णांक दिवाळीनंतर होते. आम्ही दिवाळीतच निघालो. झाशीत ते दिवाळीआधीच उरकले होते. अपूर्णांक आणि मी, आमची गाठच पडली नव्हती. सहावीत घेताना हेडमास्तरांनी बजावलं, "सहामाहीपर्यंत गणित आलं नाही, तर पाचवीत बसायचं." वडिलांनी घरी पट्टा काढून तेच जरा सविस्तर समजावलं.

गणिताचे हे सर मारकुटे म्हणून बाजारापर्यंत प्रसिद्ध. तुमच्याही शाळेत असा एखादा असेल. पण त्याच्याकडे दाराजवळचा तो बाक नसेल. बदलीवर आलेल्या नव्या पोराला सर तिथे बसवत. फळ्यावर ओळीने दहा गणितं बरोबर येईपर्यंत त्याला छडी नाही. बाकी वर्गात मात्र रोज तोफांचा सराव. डस्टर उडायचं, कानशिलं सुजायची, एकाचा तर पुढचा दातच गेला.

शाळा सुटल्यावर सर मला थांबवून घेत. पेरू कापून अपूर्णांक शिकवत आणि उत्तर बरोबर आलं की तेवढी फोड मला देत. पंधरा दिवसांत मला सगळं येऊ लागलं, आणि तिथेच माझी अक्कल शेण खायला गेली. बाक सोडायचाच कशाला? रोज फळ्यावर नऊ गणितं बरोबर सोडवायची, दहावं चुकवायचं! शाईचे बोळे मी फेकायचे, छड्या मागच्यांनी खायच्या. सर बिचारे फळ्याकडे बघत पुटपुटायचे, "माझंच कुठंतरी चुकतंय."

त्यांना कळलं नाही, पोरांना कळलं. टांगेवाल्याच्या पोराने मला पाण्याच्या टाकीमागे गाठलं. "लय शाणा हाय का? नऊ येत्यात आन दहावंच नाय येत?" पोटात गुद्दा, तोंडावर ठोसा. ओठ फाटला, शहाणपण काही आलं नाही.

सहामाहीच्या तोंडावर हेडमास्तर वर्गात आले आणि मला फळ्याशी उभं केलं. शपथेवर सांगतो, त्या दिवशी दहाही बरोबर करायची होती. पण हात सवयीने चुकला.

"पाचवीत बसवा याला."

"साहेब, त्याला येतं हो."

"दिसतंय की."

मागून टांगेवाल्याचं पोर ओरडलं, "सर, त्यो मुद्दाम करतो!"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. पुढच्या क्षणी त्यांनी मला बकोटीला धरून फळ्यापासून ओढलं.

"अडीचातून सव्वा गेले?" सप्प.

"सव्वा!"

"दीडाचं निम्मं?" सप्प.

"पाऊण!"

"दोन तृतीयांश आणि एक षष्ठांश?"

"पाच षष्ठांश! सर, अंगठा, अंगठा!"

हातावर, पोटरीवर, पाठीवर. दहावं उत्तर मी रडत ओरडलो तेव्हा छडी मोडली होती. सर धापा टाकत म्हणाले, "उतरलं सामान, साहेब." हेडमास्तर निघून गेले. मी सहावीत राहिलो.

शाळा सुटल्यावर सरांनी माझ्या काळ्यानिळ्या अंगठ्याला ओला रुमाल बांधला. "त्या बाकावरच्या कुणाला मी आजवर हात लावला नव्हता," एवढंच म्हणाले. त्या दिवशी त्यांनी पेरू कापला नाही. अख्खाच माझ्या हातात ठेवला. तो मला खाववला नाही.

मार्चमध्ये पुन्हा बदली. दाखल्याबरोबर सरांनी नव्या मास्तरांसाठी एक चिठ्ठी दिली: "अपूर्णांक झाले आहेत. दशांश राहिले. सुरुवातीला मारू नये."

नव्या शाळेतल्या मास्तरांनी ती मोठ्याने वाचली. वर्ग हसला, मास्तरही हसले. चिठ्ठीचा बोळा करून त्यांनी दशांशाचं गणित घातलं. मला येईना.

"हात पुढे कर."

तेव्हापासून दुखराच राहिलेला अंगठा मुठीत लपवत मी दाराकडे पाहिलं. तिथे नुसता पाण्याचा माठ होता.