पिन काढायची नाही!

छंद कोणताही असो, वस्तू कमी अन् किस्सेच जास्त जमतात. पांढुर्ण्यात आमचं त्रिकूट आहे : कापडवाले बंडूभाऊ, केमिस्ट्रीचे रिटायर्ड धोटे सर आणि मी. जुने वस्तरे गोळा करतो, त्यांच्या मुठी चकचकीत करतो. आणि दाढी? तिघंही प्लास्टिकच्या रेझरनं!

*

सरांचा पहिला नियम : मूठ खोलायची नाही. मूठ शिंगाची असते, पात्याची पिन ठोकून काढली की जुनं शिंग तडकतं. बंडूभाऊंनी मान डोलावली, घरी गेले आणि पिन ठोकली. मूठ उभी चिरली!

"मी तं फक्त पाहून राहिलो होतो, किती घट्ट आहे ते!"

वहिनी म्हणाल्या, "तुमचं डोकंही देवानं न खोलताच पाठवलं वाटते!"

*

दुसरा नियम : काम करताना पात्याला टेप गुंडाळायची. एकदा पाहुण्यांसमोर सरांनी तयार वस्तरा झोकात गालावरून फिरवला. केस हलला नाही. टेप तशीच!

सर शांतपणे म्हणाले, "याला म्हणतात सेफ्टी रेझर!"

*

कोरड्या शिंगाला थेंबभर तेल चोळतात. बंडूभाऊंनी साजूक तूप थापलं आणि वस्तरा ओट्यावर ठेवला. कुत्रा घेऊन पळाला! बंडूभाऊ मागे. गल्लीतून कुणीतरी विचारलं,

"काय नेलं जी त्यानं?"

"वस्तरा!"

अख्ख्या गल्लीनं धडाधड दारं लावली.

*

रामाकोन्याचे एक म्हातारे आजोबा आले. त्यांच्या वडलांचा वस्तरा, मूठ मळानं काळीठिक्कर.

"जामसांवलीच्या मारुतीले नातवाचं जावळ आहे. पयला केस याच्यानंच कापाचा."

आम्ही जीव ओतला. पिनेला हात न लावता मुठीच्या फटीतून कापडाची पट्टी ओढली, बारीक पॉलिश पेपर फिरवला. आतून मधासारखं शिंग निघालं!

आजोबांनी उलटून पाहिला. चेहरा उतरला.

"हा माहा नोहे."

"आजोबा, तुमचाच आहे!" सर म्हणाले.

"बापाचा वस्तरा मले नाही समजणार?" आजोबा म्हणाले. मग नजर फळीवर गेली. तिथं बंडूभाऊंचा लाडका वस्तरा होता, नागपूरच्या जुन्या बाजारातून नुकताच आणलेला, अजून न घासलेला. आजोबांनी तो उचलला, नाकाशी धरला. डोळे भरून आले.

"हाच! बापाच्या हाताचा वास आहे ना याले!"

सरांनी तोंड उघडलं. बंडूभाऊंनी त्यांचा हात दाबला, वस्तरा कागदात नीट गुंडाळला आणि म्हणाले,

"बरं झालं आजोबा, तुमी ओळखला. आमी घासूनच टाकला असता!"